रेषेवरचा शिक्का

[दृश्य: पत्र्याचं गोदाम, बंद पंखे, टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे]

खान्देशातला एप्रिल, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि आतले पंखे बंद. बाजार समितीची मोजणी चालू आहे. वाऱ्याने एक कागद उडाला तरी दोन्ही पॅनलची माणसं एकमेकांच्या अंगावर जातील, म्हणून सगळे घाम पुसत उभे.

विधानसभेला यंत्र येऊन जमाना झाला, पण २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यभर बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या त्या कागदावरच. गावोगावच्या शेतकरी सहकारी सोसायट्यांच्या मतदारसंघात, सर्वसाधारण गटात सात जण निवडायचे. एका कागदावर सात शिक्के. आठवा पडला की अख्खा कागद बाद.

[दृश्य: एक मतपत्रिका, अगदी जवळून]

हा कागद बघा. त्यातला एक शिक्का दोन नावांच्या मधल्या रेषेवर पडलाय. बराचसा वर, थोडा खाली. खाली आणखी एक फिकट ठसा आहे. शाई ओली असताना घडी घातली, की असा उलटा ठसा उमटतो.

"हाई आमनं शे!" एक प्रतिनिधी ओरडतो. "बाद शे, बाद!" समोरचा.

असा कागद अर्ध्या तासाने पुन्हा निघतो, फक्त शिक्का दुसऱ्या पॅनलच्या बाजूला झुकलेला. मघाशी "मतदाराच्या मनात काय होतं ते बघा" म्हणणारा आता नियमावर बोट ठेवतो. नियमवाला मतदाराचं मन वाचायला लागतो. दोघेही तावातावाने बोलतात, आणि ज्याचं ते मत आहे तो माणूस तिथे नसतो. तो तिकडे रावेरकडे केळीला पाणी देत असेल. त्याला कळणारही नाही की आपला कागद इतका वेळ हवेत धरलेला होता. मला या सगळ्यात त्याचीच काळजी वाटते.

लोकसभा-विधानसभेसाठी १९६१ चे निवडणूक नियम याबाबत स्पष्ट आहेत. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असेल, एकापेक्षा जास्त उमेदवारांना मत असेल, शिक्काच नसेल, तर मत बाद. पण कल स्वच्छ दिसत असेल, तर शिक्का पुसट आहे किंवा दोनदा मारलाय एवढ्यावरून ते बाद करता येत नाही.

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात तऱ्हा आणखी वेगळी. धुळे, जळगाव, नंदुरबारचे शिक्षक नाशिक विभागात मत देतात. तिथे शिक्का नाही, पसंतीचा क्रमांक लिहायचा, तोही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. खिशातल्या पेनाने लिहिलं, बाद. आकड्याऐवजी अक्षरी 'एक' लिहिलं, बाद. बरोबरची खूण केली, बाद.

[दृश्य: नवापूर, सकाळचा बाजार]

यंत्रामुळे हे वाद कमी झाले, संपले मात्र नाहीत. २०१९ ला मुक्ताईनगरचा निकाल १,९५७ मतांनी लागला, २०२४ ला नवापूरचा १,१२१ मतांनी. त्याच वर्षी धुळे लोकसभा ३,८३१ मतांनी फिरली. अशा चुरशीत सगळ्यांची नजर टपाली मतांवर जाते. घोषणापत्रावर सही नाही, साक्षांकन नाही, की मत बाद. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी निघालं, तर ती सगळी मतं पुन्हा तपासावीच लागतात. फेरमोजणी हवी तर कारणं देऊन लेखी अर्ज करावा लागतो, आणि अधिकाऱ्यालाही निर्णय लेखीच द्यावा लागतो. मतं अगदी समसमान पडली तर चिठ्ठी. त्यानंतरही समाधान नसेल, तर ४५ दिवसांत उच्च न्यायालय. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ.

आणि मोजणाराच पक्षाचा निघाला तर? ३० जानेवारी २०२४, चंदीगडची महापौर निवडणूक. पीठासीन अधिकाऱ्याने एका बाजूची ८ मतं बाद ठरवली आणि निकाल १६ विरुद्ध १२ लागला. त्याच मतपत्रिकांवर तो स्वतः खुणा करताना कॅमेऱ्यात दिसला. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ते कागद स्वतः पाहिले, आठही मतं धरली आणि हरलेल्याला महापौर घोषित केलं. तिथे कॅमेरा नसता तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

[दृश्य: पुन्हा गोदाम, अधिकाऱ्याचे हात]

१९६१ च्या नियमांत एक छोटी ओळ आहे, मला ती फार मोलाची वाटते. मत बाद करण्याआधी कागद दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना दाखवायचा, पण हात लावू द्यायचा नाही. मग त्यावर 'बाद' लिहायचं, थोडक्यात कारण लिहायचं आणि खाली सही करायची.

इथल्या अधिकारी बाईही तसंच करतात. कागद आधी डावीकडे धरतात, मग उजवीकडे. दोन्हीकडच्या माना पुढे येतात. शिक्क्याचा मोठा भाग वरच्या चौकटीत आहे, खालचा ठसा घडीचा आहे, हे त्या मोठ्याने सांगतात. मत वरच्या उमेदवाराच्या नावावर धरलं जातं. कुणीतरी पुटपुटतं. बाईंचा हात पुढच्या कागदाकडे गेलेला असतो.