झोपू द्या त्याला

विषय 'कोआलाचं पचन', आणि वेळ जेवणानंतरची. म्हणजे प्रात्यक्षिक सभागृहात सुरूच झालंय. मागच्या रांगेतल्या काकांनी डोळेही मिटलेत. मिटू द्या. माझी तक्रार झोपणाऱ्यांविरुद्ध नाहीच, त्यांना आळशी म्हणणाऱ्यांविरुद्ध आहे.

लेकीकडे मेलबर्नला गेले होते. ग्रेट ओशन रोडवर केनेट रिव्हर नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे निलगिरीच्या झाडांवर कोआला दिसतात. जावई म्हणाले, "आई, वर बघा." फांदीच्या बेचक्यात एक राखाडी गाठोडं. चाळीस मिनिटं उभी राहिले, मान धरली. तेवढ्यात त्याने केलं काय? एक डहाळी नाकाशी ओढली, हुंगली, सोडली. दुसरी ओढली, हुंगली, तीही सोडली. मेथीची जुडी उलटीपालटी करणाऱ्या माझ्या सासूबाईच! तिसरीची चार पानं खाल्ली आणि झोपला. शेजारचे एक मराठी गृहस्थ म्हणाले, "आमच्या ऑफिसातला दिसतोय." सगळे हसले. मी चिडले, ती अजून चिडलेलीच आहे. (काही जण म्हणतात तो पानांच्या नशेत असतो. तेही खोटं. आणि अस्वल तर तो मुळीच नव्हे; कांगारूच्या गोतातला, पिशवीवाला.)

अहो, तो खातो काय ते बघा. सर्दी झाली की आजी रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकायची आणि बजावायची, पोटात जाऊ देऊ नकोस हं. हा तीच पानं रोज अर्धा किलो, कधी किलोभर खातो! तेल, टॅनिन नावाचं तुरट द्रव्य, वर चोथा भरपूर, प्रथिनं जेमतेम. विषाचं यकृत बघतं. 2018 मध्ये कोआलाचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला, त्यात विष निकामी करणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुकं ढिगाने निघाली. चोथा अंधनालेकडे. आपलं अपेंडिक्स जिला लोंबतं तीच ही पिशवी. आपली बोटभर, त्याची दोन मीटर! जाड चोथा पुढे ढकलायचा, बारीक कण आणि रस कित्येक दिवस सूक्ष्मजीवांकडून आंबवत ठेवायचा. एवढं करून हाती ऊर्जा चिमूटभर. मग अठरा-वीस तास झोपेल नाही तर काय करेल?

चिठ्ठी आली. तीन मिनिटं! आणि मुख्य मुद्दा तर राहिलाच.

तर घाईघाईत. पिलाच्या पोटात हे आंबवणारे सूक्ष्मजीव जन्मतः नसतात. सहा महिन्यांच्या सुमारास ते पिशवीतून डोकं काढतं आणि आईच्या गुदद्वाराशी तोंड लावून एक मऊ, पातळ पदार्थ खातं. त्याला 'पॅप' म्हणतात. तोंडं वाकडी करू नका, विरजण आहे ते.

आणि विरजण झाडागणिक वेगळं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या केप ऑटवेला 2013च्या सुमारास कोआलांनी मॅना गम नावाची निलगिरी ओरबाडून संपवली आणि पुष्कळ उपाशी मेले. आसपास मेसमेट ही दुसरी निलगिरी होती, पण बहुतेकांनी तिला तोंड लावलं नाही. मग संशोधकांनी मेसमेट खाणाऱ्यांच्या लेंड्यांतले सूक्ष्मजीव कॅप्सूलमध्ये भरून मॅना गमवाल्यांना दिले. 2019 मध्ये निष्कर्ष आले: ज्याच्या पोटातली वस्ती जितकी बदलली, तितकं तो मेसमेट जास्त खाऊ लागला.

हो ताई, लेंड्याच. नाही, चव कुणी विचारली नाही. चहा आलाय म्हणतात, काकांना उठवा.