ईसीजी नॉर्मल आला म्हणजे झालं का?

नमस्कार मंडळी, आज तलावपाळीवर बसून बोलतोय, मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येतील, पण इथंच बोलायचं होतं कारण गेल्या वर्षी माझी आई चालता चालता याच कट्ट्यावर बसली नि म्हणाली, अरे छातीत काहीतरी फडफडतंय. दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धा तास गेला, फडफड थांबलेली, ईसीजी नॉर्मल, ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी. असं तीनदा झालं!

आता बघा, साधा ईसीजी साधारण 10 सेकंदांचाच असतो. त्या 10 सेकंदांत ठोके नीट पडले तर कागदावर बिघाड दिसणार कुठून?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो, तिथून करंट निघतो, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये असलेल्या एव्ही नोडला किंचित थांबतो नि खाली पसरतो, निवांत असताना मिनिटाला 60 ते 100 वेळा. आईच्या वरच्या कप्प्यांत मात्र भलतीकडूनच करंट उठत होते, कप्पे नुसते थरथरत होते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, थोडक्यात एएफ. (कट्ट्यावर बोट वाजवत) टक... टकटक... टक...... टकटकटक. काही हिशोबच नाही ना? आणि खरी भीती पुढे आहे, थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून गॅस म्हणून सोडून देऊ नका, प्लीज.

बीपी, झडपांचे आजार, झोपेत श्वास अडकणं, दारू, कशानेही होतं, आईचं थायरॉईड वाढलेलं निघालं. पण मध्येच एखादा जादा ठोका पडला म्हणून घाबरू नका, तो खूप जणांना पडतो आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतो.

आईचं पकडलं होल्टरने. छातीला वायरी चिकटवून छोटं मशीन 24 तास अंगावर, आई ते लावून भाजी आणायला गेली, जिने चढली, आणि एएफ सापडलं पहाटे पावणेतीनला, गाढ झोपेत, तिला पत्ताच नव्हता.

तुम्हाला फडफड झाली तर अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा, पूर्ण मिनिट मोजा, 15 सेकंद मोजून चारने गुणू नका कारण ठोके वेडेवाकडे असतात. जमलं तर तेव्हाच ईसीजी काढा, कागद जपून ठेवा. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखतंय, दम लागतोय तर मोजत बसू नका, थेट 108.

आई आता कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाशेजारी, वेळ आणि ठोके लिहिते, आणि डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून नेते.