मेसच्या ताटात भाजी किती?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय पुण्यात शिकायला आलेल्या पोरापोरींच्या खाण्याबद्दल, म्हणजे सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची आणि सकाळी चहासोबत क्रीमरोल नाहीतर पोहे खाऊन क्लासला पळायचं, त्यांच्याबद्दल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलंय, रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं खा. आता तुमचं कालचं ताट आठवा बरं. बटाट्याची भाजी होती ना? जागतिक आरोग्य संघटना बटाटा भाजीत धरतच नाही!

मेसवाल्या काकूंना मी बोल लावणार नाही. पन्नास-साठ जणांची मेथी निवडायची, धुवायची, चिरायची म्हणजे अख्खी सकाळ त्यातच जाते, शिजल्यावर एवढ्या जुड्यांचं होतं एवढंसं, त्यात पावसाळ्यात पालेभाजीचे भाव चढले की महिन्याच्या ठरलेल्या पैशात बसत नाही, मग येतो बटाटा आणि मटकी. मटकी चांगलीच हो, पण तिच्या जोडीला काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो काहीतरी कच्चं हवं.

फळांचं म्हणाल तर रूमवर फ्रिज नाही, सुरी नाही, हे अगदी खरंय. पण केळं सोलून खाता येतं, पेरूला तर सुरीही लागत नाही, धुवायचा आणि खायचा. आणि पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, जेवणासोबत खाल्ला तर मटकीतलं, पालकातलं लोह अंगी लागायला मदत होते. मुलींनो, हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळलाय, मला हा आकडा फार लागतो. जेवल्या जेवल्या चहा मात्र नको, त्यानं लोह कमी शोषलं जातं, तासभर थांबा.

आणि पुढच्या महिन्याची मेस लावताना नुसतं फीस्टला काय असतं ते विचारू नका, कोशिंबीर रोज असते का तेही विचारा. एकट्यानं मागून होत नसेल तर दहा जण मिळून मागा, हवं तर थोडे पैसे जास्त द्या, पालेभाजीच्या दिवशी जुड्या निवडायला अर्धा तास बसा. काकूंना पण तेवढाच हातभार.