मागे जायचं कुठून?

मंडळी, अँड्रॉइड फोनच्या तळाशी तीन बटणं ठेवायची की ती काढून नुसतं बोट सरकवायचं? होम आणि उघडी ॲप्स यांची सवय दोन दिवसांत होते. खरी गोची असते ती 'मागे' जाण्याची, म्हणून आज बहुतेक बोलणं त्यावरच.

बोट सरकवण्याची, म्हणजे जेस्चरची, सध्याची पद्धत अँड्रॉइड 10 मध्ये, म्हणजे 2019 साली आली. तळातून वर सरकवलं की होम, वर नेऊन क्षणभर थांबलं की उघडी ॲप्स, कुठल्याही कडेवरून आत ओढलं की मागे. तळाच्या रेघेवर आडवं बोट फिरवलं की थेट आधीचं ॲप. हे शेवटचं एकदा हाताला लागलं की बटणांकडे परत जाववत नाही, हे खरंच.

पण कड एकच आणि मागणारे दोघे. बऱ्याच ॲप्सचा मेनू डाव्या कडेतूनच बाहेर येतो. तुम्ही मेनू ओढायला जाता आणि पानच मागे जातं. फोटो कापताना चौकटीचा कोपरा कडेला टेकला असेल तरी तेच. ॲप बनवणाऱ्याला कडेचा काही भाग राखून ठेवता येतो, पण एका बाजूला 200 डीपीच (डीपी हे स्क्रीनवरचं माप), म्हणजे उभ्यात जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणून उपाय आपणच करायचा. गूगलच्या पिक्सेल फोनवर सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या चौकटीत 'नेव्हिगेशन' लिहा, जेस्चरच्या शेजारचं चक्र दाबा. डाव्या-उजव्या कडेच्या संवेदनशीलतेच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत. डावी कमी करा, उजवी राहू द्या. सॅमसंगवर डिस्प्ले, मग नेव्हिगेशन बार. त्यानंतर कव्हर बघा. उंच काठाच्या रबरी कव्हरमुळे बोट कडेपर्यंत पोचतच नाही, आणि दोष सेटिंगला मिळतो.

चोडणच्या फेरीबोटीत एका हाताने कठडा धरून उभे असाल तर जेस्चर सरस, कारण अंगठा ज्या बाजूला आहे तिथूनच मागे जाता येतं. बटणांत मात्र गूगलचं 'मागे' डावीकडे. उजव्या अंगठ्याला मोठ्या स्क्रीनवर ते गाठताना फोनच हातातून सुटायला बघतो. सॅमसंगवर ते मुळातच उजवीकडे असतं आणि बाजू बदलताही येते.

पावसाळ्यात हिशेब उलटतो. मासळी बाजारात सुंगटं (कोळंबी) चाचपलेल्या हाताने क्यूआर कोड स्कॅन करून बघा. काचेवरचं पाणीही स्पर्शासारखंच मोजलं जातं, त्यामुळे सरकणारं बोट मध्येच तुटतं किंवा भलतीकडे उडी मारतं. नुसती टिचकी त्यातल्या त्यात लागते. तिथे बटणंच बरी, त्यासाठी तळाची साडेसात मिलिमीटरची पट्टी गेली तर जाऊ दे.

टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज, वापरणाऱ्यांनाही मी बटणंच सुचवेन. तो चालू असताना जेस्चरमध्ये होमसाठी दोन बोटांनी वर सरकवावं लागतं.

आईवडिलांसाठी नवा फोन घेतलात तर त्यांच्या हातात देण्याआधी हे सेटिंग जुन्या फोनसारखं करा. जेस्चर शिकवायचंच असेल तर घरी बसून शिकवा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघताना नको.