बारा वर्षांची अक्का

(शेडमधली सकाळ. ताटल्यांचा आवाज आधी, निवेदन नंतर.)

सोलापुरात, होटगी रस्त्याच्या बाजूला, नको झालेल्या मांजरांना सांभाळणाऱ्या या शेडमध्ये मांजरं दिसायच्या आधी ताटल्या ऐकू येतात. पिल्लं जाळीला लटकली आहेत. खायला घालणारा पोरगा त्यातल्या एकाला म्हणतोय, "सरक की बे!" ते सरकत नाही.

खालच्या कप्प्यात चादरीच्या घडीवर बसलेली ही तिरंगी मात्र हललेली नाही. ताटली आपल्यापाशी येते, हे तिला माहीत आहे. ही अक्का. काळा, पांढरा आणि केशरी असे तीन रंग एकत्र दिसले की भाटीच समजायची. काळा आणि केशरी एकत्र यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात आणि बोक्याकडे बहुधा एकच असतं, त्यामुळे तिरंगी बोका जवळजवळ नसतोच.

ती इथे आली, तेव्हा आमचा कॅमेरा नव्हता. नोंदवहीत एक ओळ आहे: घर बदललं, नव्या फ्लॅटमध्ये मांजर चालत नाही. इथे निदान आणून तरी दिलं. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं, जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. सोडून यायच्या रिक्षाला त्याहून जास्त पडतात.

इथला फोन वाजतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो, पर्शियन आहे का? नाही म्हटलं की दुसरा, मग पिल्लू तरी? अक्कापर्यंत बोलणं पोचतच नाही.

(तपासणीचं टेबल.)

आता हे जरा नीट बघा. मांजराला जन्मदाखला नसतो. वय तोंडात बघायचं. सहा-सात महिन्यांत पक्के दात येतात, एकूण ३०. पुढे त्यांच्यावर पिवळा थर चढत जातो. अक्काचे मागचे दात या थराखाली झाकलेत, एक सुळा तुटलाय. डोळ्यात टॉर्च मारल्यावर बुबुळाची कड विरलेल्या कापडासारखी दिसते. डॉक्टर म्हणतात, बाराच्या आसपास. थोडं इकडेतिकडे.

मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. अंगात पाणी कमी असलं की असं होतं, पण म्हातारपणीही होतं. म्हणून डॉक्टर हिरडीवर बोट फिरवतात. ओली लागली. ठीक.

पोटावरचे केस मशीननं काढल्यावर एक बारीक पांढरी रेघ दिसते. नसबंदी झालेली आहे. म्हणजे कधीकाळी कुणीतरी हिच्यासाठी दवाखान्याची पायरी चढलं होतं.

रक्त पुढच्या पायातून. म्हाताऱ्या मांजराचं मूत्रपिंड आधी थकतं आणि मांजर ते लपवतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून टाकायचा कचरा, ठळकपणे वाढतं, तोवर मूत्रपिंडाचं सुमारे पाऊण काम गेलेलं असतं. म्हणून सोबत रक्तातलाच एसडीएमए नावाचा दुसरा घटक बघतात, तो आधी वाढतो. लघवी किती पातळ आहे, तेही बघतात. या आजाराच्या चार पायऱ्या. अक्का दुसरीवर आहे. खाणं बदलायचं, पाणी भरपूर, ठरावीक काळानं पुन्हा रक्त.

आमचं म्हणणं एवढंच, की हे सगळं कागदावर आहे. ती ओरबाडत नाही, वाळूतच जाते, कुत्रं दिसलं की फुगते, हेही माहीत आहे. पिल्लाचं काय माहीत असतं? गोड तोंड.

(अशोक चौकाकडची गल्ली. मागांचा आवाज पूर्ण.)

अक्का जाणार आहे ते हे ठिकाण. खाली टॉवेलचे माग, वर घर. घरात मालक आणि मालकीण, दोघंही साठी ओलांडलेले, मुलं पुण्यात. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांनाही आधी पिल्लूच हवं होतं. शेडच्या मावशींनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. कारण हे फुटेज. धोटा पळतोय, जमिनीवर सगळीकडे सूत. पिल्लू सुताशी खेळतं, खेळता खेळता गिळतं, आणि दोरा आतड्यात अडकला की आतडं गोळा होत जातं. ऑपरेशनशिवाय निघत नाही. बारा वर्षांची मांजर दिवसातला बराच वेळ झोपून काढते. शिवाय अक्काला कमी ऐकू येतं. या घरात तो गुणच म्हणायचा.

घर बघायला गेलं की मावशी आधी खिडक्या बघतात, मग औषधांचा डबा. टीव्हीशेजारचा हा डबा उचलून त्यांनी कपाटात ठेवायला लावला. पॅरासिटॉमॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

"दूध-भाकरी चालेल ना?" मालकीणबाईंचा प्रश्न.

सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो. भाकरीनं मांजराचं पोट फुगतं, भागत नाही. टॉरिन नावाचा घटक मांसातून मिळतो. तो नसला तर डोळे जातात, हृदय दमतं. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. अक्काला तर मूत्रपिंडाचं वेगळं खाणं, वर पाणी घालून कालवलेलं. इथे उन्हाळ्यात पारा ४३ च्या पुढे जातो, म्हणून पाण्याचं परळ मातीचं, आणि एक नाही, दोन.

अक्काचे गुडघे धरलेत म्हणून वाळूच्या ट्रेची एक कड कापली. ट्रेमध्ये शिरायला उडी नको.

(रिक्षा. सात रस्ता, पुढे सिद्धेश्वर तलावाची कड.)

तलावाचं फुटेज गरजेपेक्षा जास्त झालंय, ठाऊक आहे. संध्याकाळ चांगली होती. टोपलीत तीच चादर आहे, न धुतलेली. मालकीणबाई धुवायला निघाल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, तो वासच तर तिचं घर आहे."

पहिले काही दिवस एकच खोली, दार बंद. पलंगाखाली बसली तर बसू द्यायचं, ओढून काढायचं नाही. घरातल्यांनी जमिनीवर बसून आपापली कामं करायची. इथे आम्ही कॅमेरा नुसता ठेवून दिला होता.

(निवेदन नाही.)

पुढचं थोडक्यात. वजन थोडं वाढलं, एक दात काढावा लागला, खर्च दोघांनी केला. आजार बरा होणारा नाही. मालकांनी ते फॉर्मवर वाचून सही केली आहे.

खालच्या कप्प्यात आता आठ वर्षांचा एकडोळ्या बोका आहे. मालकांनी त्याचीही चौकशी केली. मावशी म्हणाल्या, आधी अक्काचा पुढचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू.