उकिडवं बसता येणारा पाय

[दृश्य: पहाट, गोठा. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज.]

धार काढायला बसलेल्या माणसाकडे नीट पाहा. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, गुडघे छातीशी, चरवी गुडघ्यांत धरलेली. या बसण्याचा सगळा भार घोट्यावर आहे. पाऊल जागेवर राहतं आणि नडगी त्याच्यावर पुढे झुकते. घोटा वळला नाही, तर माणूस मागच्या मागे कलंडतो.

खुरपणी, भातलावणी, चुलीपुढची भाकरी, चांभाराची ऐरण, रस्त्याकडेला मांडलेले भाजीचे वाटे, सायकलचं पंक्चर. आपल्याकडची कितीतरी कामं जमिनीपासून हातभर उंचीवर होतात. त्यामुळे पाय गमावलेल्या माणसाला पाय द्यायचा, तर पहिला प्रश्न तो चालेल का, हा नसतोच. तो खाली बसू शकेल का, आणि बसून पुन्हा उठू शकेल का, हा असतो.

[दृश्य: जयपूर, सवाई मानसिंग रुग्णालयाची इमारत. जुनी छायाचित्रं.]

साठच्या दशकात या रुग्णालयात पाय कापलेल्यांना जो कृत्रिम पाय मिळायचा, त्याचं पाऊल परदेशी धाटणीचं होतं. घोटा घट्ट बसवलेला, टाचेत मऊ गादी, आणि वर बूट घालणं सक्तीचं. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ते उत्तम. राजस्थानातला शेतकरी मात्र तो पाय घेऊन घरी जायचा. बुटात चिखल शिरायचा, पाणी आत जाऊन पाऊल कुजायचं, स्वयंपाकघरात आणि देवळात बूट चालायचा नाही, मांडी घालता यायची नाही. थोड्याच दिवसांत पाय कोपऱ्यात आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर.

अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि रुग्णालयातले कारागीर रामचंद्र शर्मा, म्हणजे सगळ्यांचे मास्टरजी, यांनी १९६८च्या सुमारास वेगळं पाऊल घडवलं. तेच 'जयपूर फूट'. मास्टरजींचं शालेय शिक्षण जेमतेम होतं, पण रबर कसं वागतं हे त्यांनी टायरला नवा थर चढवणाऱ्यांकडे पाहिलं होतं. १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. कारागिरांच्या बाबतीत हे नेहमीचंच.

[दृश्य: उभा कापलेला जयपूर फूट. कॅमेरा आतल्या थरांवरून सावकाश फिरतो.]

हा मधोमध कापलेला पाय. आत तीन ठोकळे दिसतात. टाचेचा आणि चवड्याचा ठोकळा स्पंजासारख्या रबराचा, ज्याचे चपलांचे तळ बनतात त्याच जातीचा. घोट्याचा ठोकळा लाकडाचा, कारण वरच्या नळीला जोडणारा बोल्ट धरून ठेवायला काहीतरी टणक हवं. हे तिन्ही एकसंध नाहीत. ते शेजारी शेजारी ठेवून टायरमधल्या नायलॉनच्या दोऱ्यांनी आणि रबराच्या पट्ट्यांनी बांधतात, वर कातडीच्या रंगाच्या रबराचा थर चढवतात, आणि अॅल्युमिनियमच्या साच्यात बंद करून भाजतात. रबर पिकून एकजीव होतं. आतले ठोकळे मात्र एकमेकांवर थोडे थोडे सरकत राहतात. बिजागरी नसतानाही पाऊल वर झुकतं, ढेकळावर पडलं तर बाजूला कलतं, आणि मांडी घालताना किंचित फिरतं, ते या सरकण्यामुळेच. बोटंसुद्धा आहेत. त्यामुळे अनवाणी चालता येतं, चप्पल अडकवता येते, आणि पाण्यात उभं राहिलं तरी आत पाणी शिरत नाही.

पायाचं पेटंट घेतलं नाही. तरीही १९६८ ते १९७५ या सात वर्षांत हा पाय मिळाला तो जेमतेम पन्नास-साठ जणांना. चांगली वस्तू तयार होती. ती माणसापर्यंत नेणारी व्यवस्था नव्हती, आणि त्या व्यवस्थेला लागणारा पैसाही नव्हता.

[दृश्य: भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं केंद्र. दारात बसलेली माणसं, गाठोडी, टेकवून ठेवलेल्या कुबड्या.]

मार्च १९७५मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली. मेहता सनदी अधिकारी, पुढे सेबीचे अध्यक्षही झाले. १९६९ साली पोखरणजवळच्या अपघातात त्यांचा स्वतःचा पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली होती. समिती चालते ती देणग्यांवर आणि काही प्रमाणात सरकारी अनुदानावर. पाय फुकट मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण देणगीदाराने बारकाईने पाहावं असं इथे दुसरंच काही आहे.

माणूस कुठल्याही वेळी आला तरी त्याला आत घेतात. आधी वेळ ठरवावी लागत नाही. राहायची आणि जेवणाची सोय होते, आणि ती सोबत आलेल्या नातेवाइकाचीही होते. बहुतेकांना घडवलेला पाय लावून लवकर घरी जाता यावं, शक्यतो एकाच दिवसात, असा प्रयत्न असतो.

हा पाहुणचार वाटेल, पण त्यामागे रोजंदारीचा हिशोब आहे. गुडघ्याखाली पाय नसलेला मजूर एकटा प्रवास करत नाही. सोबत भाऊ किंवा बायको येते, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. मापाला एकदा, चाचणीला एकदा आणि पाय न्यायला एकदा बोलावलं, तर फुकटचा पाय त्याला परवडतच नाही. दुसऱ्या खेपेला तो येत नाही, आणि संस्थेच्या वहीत 'रुग्ण पुन्हा आला नाही' अशी नोंद पडते. देणगीतले जे पैसे अंथरुणावर आणि डाळ-रोटीवर जातात, त्यांना अवांतर खर्च म्हणणाऱ्याने हे गणित एकदा मांडून पाहावं.

[दृश्य: माप घेण्याची खोली. उरलेल्या पायावर मोजा चढवला जातो, त्यावर ओली प्लास्टरची पट्टी.]

गुडघ्याखालच्या पायाचं माप असं घेतात. उरलेल्या पायावर, ज्याला इथे सगळे स्टंपच म्हणतात, पातळ मोजा चढवतात. हाडाच्या टोकदार जागा पेन्सिलीने खुणावतात. ही पेन्सिल मुद्दाम अशी असते, की तिची खूण ओल्या प्लास्टरवर आतून उमटते. मग प्लास्टरची पट्टी गुंडाळतात. ती सुकून सैल झाली की काढतात, तिच्यात पातळ प्लास्टर ओततात, मधोमध लोखंडी नळी उभी करतात. तासाभरात त्या माणसाच्या स्टंपची पांढरी प्रतिकृती हातात येते.

खरं कसब यानंतरचं आहे. आपल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीपासून चार-पाच बोटं खाली हात फिरवा. एक गोल हाड लागेल. त्याच्या मागून वळसा घालून एक नस जाते. तिथे दाब पडला तर वेदना आणि मुंग्या, आणि मग पाय खुंटीला. म्हणून प्रतिकृतीवर त्या जागी प्लास्टरचा पातळ लेप वाढवतात, म्हणजे सॉकेटमध्ये, स्टंप ज्यात बसतो त्या पोकळ कप्प्यात, तिथे पोकळी राहते. नडगीची धार आणि हाडाचं खालचं टोक, तिथेही लेप. उलट वाटीच्या खाली जो जाड स्नायुबंध लागतो, तो भार सोसू शकतो. तिथलं प्लास्टर कानशीने खरवडून खोल करतात. माणूस उभा राहतो तो या खळग्याच्या आणि बाजूच्या मांसल भागाच्या आधारावर. स्टंपच्या टोकावर त्याने उभं राहायचं नसतं.

[दृश्य: भट्टीचं दार उघडतं. दोन कारागीर, जाड हातमोजे.]

सॉकेटसाठी एचडीपीई नळी लागते. पाणीपुरवठ्याच्या कामात वापरतात त्याच प्लॅस्टिकची, फक्त कातडीच्या रंगाची. पूर्वी हेच काम अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून व्हायचं. नळीचा तुकडा भट्टीत मऊ झाला की दोघे मिळून तो प्रतिकृतीवर ओढतात. मिनिटभराचा खेळ असतो. मध्ये थांबलं तर एक बाजू निवते, सुरकुती पडते, आणि तुकडा वाया जातो. निवल्यावर कडा कापायच्या, आणि त्या कापताना गुडघ्यामागे पुरेशी जागा सोडायची. मागची कड उंच राहिली, तर उकिडवं बसताना ती मांडीत रुतते. पाऊल कितीही वळणारं असो, त्या एका कडेपायी माणूस खाली बसू शकत नाही.

शेवटी पाऊल जोडतात आणि दोन्ही पायांची उंची जुळवतात. सेंटिमीटरभर फरक राहिला तरी ओझं उचलणाऱ्याची कंबर महिन्याभरात बोलू लागते.

गुडघ्याच्या वर पाय कापलेला असेल, तर मामला अवघड. साधी बिजागरी असलेला गुडघा भार पडताच मुडपतो, म्हणून चालताना कुलूप लावून ताठ ठेवावा लागायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि समिती यांच्या सहकार्याने झालेला नायलॉनचा गुडघा चार दुव्यांचा आहे. उभं राहताना तो स्थिर राहतो, पाय उचलताच वाकतो. २००९ साली 'टाइम' नियतकालिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याला जागा दिली.

[दृश्य: दुरुस्तीचं टेबल. तुटके पट्टे, चिरलेली पावलं, स्क्रूचा डबा.]

आता बिघाडांकडे वळू.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घाईने. शस्त्रक्रियेनंतर स्टंप सुजलेला असतो. त्या सुजेचंच माप घेतलं, तर काही महिन्यांत सूज उतरते आणि सॉकेट सैल पडतं. माणूस आत खोल बसतो, हाडाचं टोक तळाला टेकतं, जखम होते. मोजे वाढवून काही दिवस निभावतं. चार-पाच मोजे घालायची वेळ आली, की सॉकेट नवीनच हवं. हे टाळायला मापाच्या आधी काही आठवडे लवचिक पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी गुंडाळायची असते, टोकाला घट्ट आणि वर सैल. उलट केलं तर टोकाशी सूज साठते. दुसरी चूक घरची माया करते. दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी देतात, आणि दोन महिन्यांत गुडघा वाकडा आखडतो. मग सरळ उभा करणारा पाय बसवायचा कुठे?

मधुमेहामुळे पाय गेलेल्यांचं आणखी वेगळं. त्यांना सॉकेट रुततंय हे बऱ्याचदा कळतच नाही. रोज रात्री आरशात स्टंप पाहायचा, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. हे समजावून सांगायला एक माणूस लागतो, त्याला पगार लागतो. त्या पगारासाठी देणगी मागितली, की समोरचा फोन पाहू लागतो.

शिबिरांचं दुखणंही हेच. मांडव पडतो, शेकडो पाय वाटले जातात, फोटो छापून येतात. सहा महिन्यांनी पट्टा तुटतो. मांडव तर केव्हाच उठलेला असतो. पट्टा, बकल, दोन स्क्रू, किरकोळ सामान. पण ते तालुक्याच्या गावी मिळत नाही, म्हणून माणूस पुन्हा कुबडीवर आणि कामावरून घरी. शिबिराला पैसे देणाऱ्याने आयोजकांना विचारावं, की वर्षभरानंतर दुरुस्ती कोण करणार, कुठे, आणि त्याचे पैसे वेगळे काढले आहेत का.

[दृश्य: रस्त्याकडेची शिलाईची टपरी.]

पाय बसला म्हणजे काम मिळालं, असं होत नाही. काहींना जुनं काम पुन्हा धरता येतं, काहींना नवं शोधावं लागतं, आणि तिथे दुसरं दान कामी येतं: शिलाई मशीन, हातगाडी, टपरी. तेही डोळे मिटून देऊ नये. पायमशीन एका चांगल्या पायावर चालतं, पण दिवसभर त्याच पायावर ताण येतो. मोटर बसवली तर वीज हवी. हातगाडी ढकलायला उतारावर पाय रोखून धरावा लागतो, गुडघ्याच्या वर पाय कापलेल्याला ते अवघड. दिवसभर उभ्याच्या कामात स्टंप घामेजतो, मधून मधून सॉकेट काढून पुसावं लागतं. त्याला हातगाडीपेक्षा बैठं दुकान बरं, उंच स्टूल असलेलं. आणि मशीन दिलं पण सुया, दोरे, अस्तर यांना आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्याला पैसे दिले नाहीत, तर ते मशीन पहिल्याच अडचणीत विकलं जातं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. भुकेला गहाण ठेवायला घरात तेवढंच असतं.

देणाऱ्यांसाठी थोडं कागदोपत्री. प्राप्तिकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट पैशांच्या देणगीवरच मिळते, वस्तूंवर नाही. रोखीत २००० रुपयांच्या वर दिलं तर तेही धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाहीच. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा कुठल्या कामांवर खर्च करता येतो, त्यासाठी २०१३च्या कंपनी कायद्याची सातवी अनुसूची आहे. दिव्यांगांची रोजगारक्षम कौशल्यं वाढवणं हे तिच्यात नावानिशी आलं आहे. तेव्हा प्रशिक्षकाचा पगार किंवा दुरुस्तीची फिरती गाडी 'बसत नाही' असं कोणी सांगितलं, तर अनुसूची काढून वाचायला सांगावं.

[दृश्य: पुन्हा दुरुस्तीचं टेबल. कारागीर परत आलेलं पाऊल उलटं करून पाहतो.]

वापरून परत आलेलं पाऊल जाणत्या कारागिराला वाचता येतं. चवड्याच्या घडीत चिरा पडल्या असतील, तर माणूस रोज उकिडवा बसतो. भेगांत वाळलेला चिखल असेल, तर शेतावर जातो. टाच एका बाजूने झिजली असेल, तर जोडणी तिरकी आहे, ती आजच सुधारायची. असं पाऊल तो बिनतक्रार बदलून देतो.

तीन वर्षांनी एखादं पाऊल नवं कोरं परत येतं, टाचेवर रेघही नाही. मग कारागीर पाऊल बाजूला ठेवतो, माणसाला बाकावर बसवतो, सॉकेट काढायला सांगतो, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला त्या गोल हाडावर बोट ठेवून विचारतो, "इथे दुखायचं का?"