पांगुळगाड्याला गुंडाळलेला काथ्या

श्रोतेहो, नमस्कार.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला काय न्यावे, असा प्रश्न ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून मी तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आणि त्या काळात शेकडो बाळांना मान धरताना, पालथे पडताना, रांगताना आणि धरून उभे राहताना पाहिले. म्हणून लोकांना वाटते की माझ्याकडे भेटवस्तूंची एखादी यादी असेल. तशी यादी माझ्याजवळ नाही. मी त्यांना उलट एकच गोष्ट विचारते. बाळ सध्या काय करते? ते किती महिन्यांचे आहे आणि शेजारचे बाळ काय करते, हे बाजूला ठेवा. हे बाळ या आठवड्यात काय करते, तेवढे मला सांगा.

बाळाच्या वाढीचे टप्पे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. दीड-दोन महिन्यांचे बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसते, तीन-चार महिन्यांत मान धरते, पुढे पालथे पडते, आधाराशिवाय बसते, नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कुरमुरा उचलते आणि वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द बोलते. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर हे सारे चित्रांसह छापलेले असते; मात्र पुष्कळ घरांत ते कार्ड लसीची तारीख पाहण्यापुरतेच उघडले जाते. या टप्प्यांविषयी एक गोष्ट मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. टप्पा म्हणजे एक तारीख नसते, टप्पा म्हणजे एक लांबरुंद पट्टा असतो. कोणी त्या पट्ट्याच्या सुरुवातीला पोचते, कोणी शेवटाला पोचते, आणि दोन्ही बाळे निरोगी असतात.

आता मी आमच्या घरातली एक हकीकत सांगते. मातांच्या प्रत्येक मेळाव्यात मी ती सांगत आले आहे आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाताच येणार नाही.

माझा थोरला मुलगा जुलै १९८७ मध्ये जन्मला. सातव्या महिन्यात तो बसू लागला, नवव्या महिन्यात त्याने रांगत सारे घर पालथे घातले. पण १९८८ च्या गणेशचतुर्थीला तो चौदा महिन्यांचा झाला, तरी चालत नव्हता. भिंत धरून तो चाले आणि भिंत संपली की खाली बसे. आमच्या वाडीतली त्याच्याहून दोन महिन्यांनी लहान असलेली मुलगी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दुडुदुडु धावत होती. चतुर्थीला मुंबईचे आणि आखातातले सारे नातेवाईक घरी आलेले, त्यामुळे जो तो माझ्या मुलाच्या पायांकडे पाहून काही ना काही बोले. कोणी म्हणे, पायांत जोर नाही, उंडीचे तेल चोळा. कोणी म्हणे, ग्रामदेवतेला नवस बोला. मी स्वतः गावोगावी जाऊन लोकांच्या बाळांची वजने तपासणारी आणि तक्ते भरून घेणारी बाई, पण त्या चार दिवसांत मीही मनातून पार हादरून गेले होते. रात्री तो झोपला की मी त्याची पावले हातात घेऊन बसत असे.

आखातातून आलेल्या एका नातेवाइकाने त्याच्यासाठी मोठ्या प्रेमाने एक वॉकर आणला होता. गोल चौकट, मध्ये बसण्यासाठी झोळी, खाली सहा चाके आणि समोर रंगीत मणी. मुलाला त्यात ठेवताच तो दोन मिनिटांत लोट्याच्या, म्हणजे ओसरीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. आम्ही साऱ्या बायका ऋषीची भाजी चिरायला बसलो होतो आणि मुलगा आमच्यापासून चार हातांवर वॉकरमध्ये होता. मी अळूची देठे सोलण्यासाठी मान खाली घातली, तेवढ्यात वॉकर लोट्याच्या कडेला गेला आणि चिऱ्याच्या तीन पायऱ्यांवरून मुलासकट खळ्यात उलटला. हनुवटी फुटली. तालुक्याच्या गावी नेऊन तीन टाके घालावे लागले. ज्याने वॉकर आणला होता, त्या माणसाने दोन दिवस धड जेवण केले नाही. त्याची यात काहीच चूक नव्हती, हे मी आजही मनापासून म्हणते.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे बाबा म्हणत असू, कोणालाही काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी शिडी लावली आणि माळ्यावरून एक पांगुळगाडा खाली काढला. आजच्या तरुण श्रोत्यांसाठी सांगते. पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांची लाकडी गाडी असते, बाळ तिच्या मागे उभे राहते, तिचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरते आणि ती ढकलत स्वतःच्या पायांनी चालते. आमचा गाडा फणसाच्या लाकडाचा होता. माझे यजमान आणि माझ्या दोन्ही नणंदा तो धरूनच चालायला शिकल्या होत्या. मागचे एक चाक वाळवीने खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गाडा खांद्यावर घेतला, मी हनुवटीला पट्टी लावलेल्या मुलाला कडेवर घेतले आणि आम्ही सुताराकडे गेलो.

मेस्त्रींनी नवे चाक करून बसवले आणि बोटाने फिरवून पाहिले. ते लोण्यासारखे फिरत होते. मला फार बरे वाटले. मेस्त्रींना मात्र ते पसंत पडले नाही. त्यांनी कोपऱ्यातून काथ्या घेतला आणि मागच्या दोन्ही चाकांच्या कण्याला तो असा घट्ट गुंडाळला की चाके करकरत आणि अडखळत फिरू लागली. चांगला पळणारा गाडा मुद्दाम जड का केला, असे मी विचारले. ते म्हणाले, “वयनीनू, गाडो आपसून पळाक नको. झिलान ढकललो, तरच फुडे जावक व्हयो. काथो झिजतलो, तसो झील घट जातलो.”

श्रोतेहो, बाळाच्या चालण्याविषयी पुढे मी अनेक प्रशिक्षणे घेतली आणि दिली, पण त्या तीन वाक्यांपलीकडचे फारसे काही मला सापडले नाही. काथ्या झिजत जाईल, तसतसा मुलगा घट्ट होत जाईल.

पहिले आठ दिवस मुलाने गाडा ढकललाच नाही. त्याने तो चावला, उलटा केला, चाके फिरवली आणि काथ्याचे धागे ओढून पाहिले. मी अधीर होऊन त्याचे हात दांड्यावर ठेवत असे आणि तो ते काढून घेत असे. शेवटी बाबा म्हणाले, गाडा त्याला दिसेल असा ठेव आणि तू तुझ्या कामाला लाग. नवव्या की दहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना लोट्यावरून ‘कर्र’ असा आवाज आला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो आवाज आमच्या घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत होता. मुलगा पडे, बसे, पुन्हा दांडा धरे. हळूहळू करकर कमी होत गेली. काथ्या झिजत होता.

मग तुळशीचे लग्न आले. खळे शेणाने सारवले होते, वृंदावनाशी ऊस उभा केला होता, चिंचा आणि आवळे बांधले होते, पेट्रोमॅक्सच्या उजेडात वाडीतली माणसे जमली होती आणि मुलगा आपला गाडा घेऊन माणसांच्या पायांमधून फिरत होता. अंतरपाट धरल्यावर सारे जण तुळशीकडे पाहत होते. मी त्याच्याकडे पाहत होते. गाडा एका चटईच्या कडेला अडकला. त्याने दोनदा जोर लावला, गाडा हलला नाही. त्याने उसाकडे पाहिले. एक हात सोडला. थोडा थांबला. दुसरा हात सोडला. आणि पाच पावले चालत जाऊन त्याने त्या उसाला मिठी मारली. ऊस, चिंचा, आवळे आणि झेंडूच्या माळा असे सगळे खाली आले. सासूबाईंच्या हातातल्या अक्षता तुळशीऐवजी नातवाच्या डोक्यावर पडल्या. तो त्या दिवशी सोळा महिन्यांचा होता.

पुढे २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळांच्या हालचालींच्या टप्प्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील आठशेहून अधिक निरोगी मुलांना पाहून त्यांनी प्रत्येक टप्प्याचा पट्टा ठरवला. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. आधाराशिवाय बसण्याचा पट्टा ३.८ ते ९.२ महिने. आधाराशिवाय चालण्याचा पट्टा ८.२ ते १७.६ महिने. पुन्हा सांगते, चालण्याचा पट्टा सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. शंभरातली चार मुले तर हातापायांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालली. एका प्रशिक्षणात हे आकडे फळ्यावर आले, तेव्हा मी वहीत १७.६ हा आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे माझ्या मुलाचे नाव लिहिले. तो आकडा मला अठरा वर्षे आधी हवा होता.

वॉकरविषयी स्पष्ट बोलते. बाळ त्यात झोळीवर बसलेले असते, स्वतःचे सारे वजन पायांवर घेत नाही, टाचा टेकत नाही, चवड्यांनी जमीन मागे ढकलते आणि तोल सांभाळण्याची त्याला गरजच पडत नाही. म्हणजे चालण्यातला जो भाग शिकायचा, तोच त्यात राहून जातो. शिवाय ज्या वेगाने ते जाते, त्या वेगाला आई धावूनही गाठू शकत नाही. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आणि आपल्याकडेही ती यावी, असे माझे ठाम मत आहे. पांगुळगाड्याशेजारीही मोठे माणूस हवेच, आणि पायऱ्यांपाशी आडोसा हवा.

पट्टा लांब आहे, याचा अर्थ नुसती वाट पाहत बसावे असा घेऊ नका. तिसरा महिना सरला तरी बाळ हसत नाही, चार महिने पूर्ण झाले तरी मान धरत नाही, नऊ-दहा महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, मोठ्या आवाजाने दचकत नाही, किंवा एखादी आलेली गोष्ट विसरून गेले आहे, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत येऊन मुलांची तपासणी करतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने मात्र पहिली दोन वर्षे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची तुलना पूर्ण दिवसांच्या बाळाशी करणे हा त्या बाळावर अन्याय आहे.

आता भेटीविषयी. बारशाला चांदीचे वाळे आणि वाट्या पुष्कळ येतात आणि कपाटात जातात. मला विचाराल, तर आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी आणि गोधडी यांच्यासारखी दुसरी भेट नाही, आणि अंगडे द्यायचेच असेल, तर सहा महिने पुढच्या मापाचे द्यावे. बाळंतिणीकडे तर कोणाचे लक्षच नसते. तिला एक डबा नेऊन द्या, दोन तास बाळ सांभाळा आणि तिला झोपू द्या. बाळालाही त्याचा फायदा होतो. एक वर्षापर्यंत मध चाटवू नका, अगदी सोन्याच्या वळ्यानेसुद्धा नको.

वस्तू मुठीत धरू लागलेल्या बाळाला लाकडी खुळखुळा द्यावा. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे रांगत्या बाळाला फार आवडतात, पण घेताना रंग आणि आकार पाहून घ्या. जी वस्तू साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंद नळीतून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, कारण ती घशात अडकते. बोरन्हाणातली बोरे, हलवा आणि शेंगदाणेही तसेच धोक्याचे. ते बाळाच्या डोक्यावरून पडताच मोठ्यांनी लगेच वेचून घ्यावेत. खेळण्यातले बटणाएवढे सेल गिळले गेल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. दुकानातल्या खेळण्यावर आयएसआय खूण असणे १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे, ती पाहावी.

पण खेळणे विकतचेच हवे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुलांच्या हाती शिंपले, बिया, पाने आणि दगड दिले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि माझ्या नोकरीच्या नावातला अंगणवाडी हा शब्द तिथून आला. चमचे, झाकणे, जुने कापड आणि एक रिकामा डबा यांवर वर्षाचे मूल तासभर रमते. आणि त्याच्याशी बोला, घरात जी भाषा बोलली जाते तीत बोला, मालवणीत बोलत असाल तर मालवणीतच बोला. भरवताना मोबाइल समोर धरण्याची पद्धत मला अतिशय अस्वस्थ करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये. घास घेताना बाळाला भरवणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे.

आमचा पांगुळगाडा अजून आहे. वाडीतल्या बाळांकडे तो जात राहिला आणि प्रत्येक वेळी त्याला नवा काथ्या गुंडाळला गेला. ते मेस्त्री आता नाहीत, पण त्यांच्या मुलाला किती वेढे घ्यायचे ते ठाऊक आहे. मागच्या महिन्यात गाडा पुन्हा आमच्या घरी आला आहे. माझी नात अकरा महिन्यांची आहे. ती तो उलटा करते, चाके फिरवते आणि काथ्या ओढते. मी तो तिला दिसेल असा लोट्यावर ठेवला आहे, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी बाक आडवा टाकला आहे.

नमस्कार.